आतून पटलेलं, तोंडाने नाकारलेलं: सूरह नम्ल, आयत १४

अलिफ

गेला आठवडाभर कुरआनातल्या एकाच आयतीवर (वचनावर) अडकून पडलोय. पुढे सरकायचं म्हटलं की बोट परत तिथेच येतं. सूरह नम्ल, आयत १४:

"व-जहदू बिहा वस्तैकनत्हा अन्फुसुहुम जुल्मन व उलुव्वा, फन्जुर कैफ कान आकिबतुल मुफ्सिदीन."

माझ्या शब्दांत: त्यांनी त्या निशाण्या नाकारल्या, मनाला त्यांची पक्की खात्री पटलेली असताना, जुलमापोटी आणि ताठ्यापोटी. तर बघ, बिघाड माजवणाऱ्यांचा शेवट कसा झाला.

प्रसंग फिरऔन, म्हणजे मिसरचा राजा, आणि त्याच्या लोकांचा. हजरत मूसांना नऊ निशाण्या देऊन त्यांच्याकडे पाठवलंय (आयत १२), त्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यात, आणि त्यावर उत्तर एका ओळीचं: ही तर उघड उघड जादू (आयत १३). चौदावी आयत त्या उत्तराच्या आत शिरते. 'जादू' म्हणणाऱ्यांच्या पोटात काय होतं ते सांगते.

मला खिळवलं ते 'वस्तैकनत्हा'मधल्या पहिल्या 'व'ने. तो आपला साधा 'आणि' नाही. जमख्शरी (मृत्यू ११४४) हे भाषेच्या अंगाने कुरआन वाचणारे मुफस्सिर, म्हणजे भाष्यकार. ते सांगतात, हा 'व' स्थिती दाखवणारा आहे. म्हणजे 'नाकारलं आणि नंतर पटलं' असा क्रम नाही. पटलेलं असताना नाकारलं. दोन्ही एकाच क्षणी, एकाच माणसात. आणि 'इस्तैकन' हे यकीनच्याच, म्हणजे पक्क्या खात्रीच्याच, धातूतलं. नुसतं वाटत होतं, शंका होती, असं काही नाही. यकीन होतं.

तसंच 'जहद'. हा नुसता नकार नव्हे, जाणूनबुजून दिलेला नकार. कोशांत त्याचा वापर देण्याघेण्याच्या संदर्भात येतो: अमक्याने तमक्याचा हक्क 'जहद' केला. उसने घेतलेले पैसे लख्ख आठवत असताना "कधी घेतले बुवा?" म्हणणारा जो असतो ना, तो.

फिरऔनला सत्य कळलं होतं याबद्दल एकाही मुफस्सिराला शंका नाही. त्यामुळे माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कळल्यावर माणूस नाकारतो कसा? कळणं आणि मानणं यांच्या मध्ये नेमकं काय असतं?

आयत दोन शब्द देते, जुल्म आणि उलुव्व. जुल्म आपल्याकडे जुलूम होऊन बसलाय, पण जुने भाषाकार त्याची व्याख्या करतात 'वस्तू तिच्या जागी न ठेवणं'. उलुव्व म्हणजे उंची, वर चढून बसणं. त्याच धातूतून 'आला दर्जा'मधला आला. फिरऔनचं दुसऱ्या ठिकाणचं वाक्यही तेच: "मीच तुमचा सर्वोच्च रब" (७९:२४), तिथे शब्द 'अअ्ला'.

तुमचं काय मत?

निवांत

रुमाल टाकून ठेवतेय. शांतपणे वाचून लिहिते.

अर्धविराम

यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहेत की. कळतं पण वळत नाही. विषय संपला :)

अलिफ

नाही हो, अर्धविराम. मीही आधी तेच म्हणणार होतो. पण 'कळतं पण वळत नाही' म्हणणारा निदान कळल्याचं कबूल करतो. त्यात थोडी लाज असते, थोडी हतबलता. फिरऔन हतबल कुठे आहे? तो म्हणतोय, कळण्यासारखं इथे काही नाहीच, ही जादू आहे. त्यापेक्षा ती दुसरी म्हण जवळची: झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.

अर्धविराम

पटलं. म्हणजे वळलंसुद्धा.

पण मग ईमान, म्हणजे श्रद्धा, म्हणजे काय उरलं? खात्री होती तरी ईमान नाही म्हणता.

अलिफ

हाच वाद दुसऱ्या हिजरी शतकात पेटला होता. जहम बिन सफवान (मारला गेला ७४६ मध्ये) म्हणायचा, ईमान म्हणजे मनाला झालेली ओळख, बास. विरोधकांनी त्याला कोंडीत पकडलं: मग तुझ्या हिशेबाने इब्लीस (सैतान) मोमिन, म्हणजे श्रद्धावान, आणि फिरऔनही मोमिन, कारण ओळख त्यांनाही होती. पुरावा म्हणून हीच आयत. हनफी पंथाच्या मांडणीत म्हणून दोन गोष्टी लागतात, मनाने खरं मानणं आणि जिभेने कबुली. इतरांनी त्यात कृतीही जोडली. तो तपशील मोठा आहे, इथे नको.

खडू-डस्टर

मी कुरआनाचा अभ्यासक नाही. गणित शिकवायचो, आता निवृत्त. पण ही आयत माझ्यावर एकदा बेतली आहे, म्हणून लिहितो.

नववीचा वर्ग. फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होतो, आणि दुसऱ्या ओळीत वजाचं अधिक झालं. शेवटाकडे आलो तसा तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, दुसरी ओळ." मी मागे पाहिलं. पाहिल्या क्षणी कळलं. म्हणजे विचार करावा लागला, पडताळून पाहावं लागलं, असं काही नाही. चिन्ह डोळ्यांत घुसलं. तेवढ्यात मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि वर्गात खसखस पिकली. आणि माझ्या तोंडून गेलं, "आधी स्वतःची वही पूर्ण कर, मग माझ्या चुका काढ." मुलगा बसला. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपासून.

खरी गोष्ट पुढची आहे. आठवड्याने वह्या तपासायला आल्या. त्या मुलाच्या वहीत बरोबर उत्तर लिहिलेलं होतं, त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती, आणि शेजारी माझं चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं.

अलिफ, तुम्ही लिहिलंत की जुल्म म्हणजे वस्तू जागेवर न ठेवणं. मला ती रेघ आठवली.

निवांत

खडू सर, नि:शब्द.

नास्तिक क्रमांक ७

सरांचा अनुभव प्रामाणिक आहे, दंडवत. पण धाग्याच्या मूळ मुद्द्यावर माझी हरकत आहे, आणि ती थेट मांडतो.

सरांनी स्वतःबद्दल सांगितलं. 'मला कळलं होतं' हे फक्त तेच सांगू शकतात. इथे आयत दुसऱ्याबद्दल सांगते. हे फार सोयीचं हत्यार आहे. मला एखादा दावा पटला नाही तर समोरचा म्हणणार, पटलाय रे तुला, आत पटलाय, तू ताठ्यामुळे बोलत नाहीस. झालं! माझ्या शंकेचं उत्तर द्यायची गरजच संपली. हे कुठल्याही धर्माचा, कुठल्याही पक्षाचा माणूस करू शकतो, आणि करतोही. मला खरंच पटलेलं नाही, ही शक्यता तुमच्या मांडणीत आहे का?

अर्धविराम

+१. प्रश्न रास्त आहे.

अलिफ

रास्तच आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, श्रद्धावानाच्या लेखी हे वाक्य बोलणारा मनातलं जाणणारा आहे, आणि तो एका ठरावीक दरबाराबद्दल बोलतोय. ते वाक्य उचलून मी शेजाऱ्याला लावलं तर मी त्याच्या जागी जाऊन बसलो. पैगंबरांचे सोबती उसामा बिन जैद यांचा प्रसंग सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. एका मोहिमेत समोरच्या माणसाने 'ला इलाह इल्लल्लाह' (अल्लाहखेरीज कुणी उपास्य नाही) म्हटलं, तरी उसामांनी त्याला मारलं. म्हणाले, तो शस्त्राच्या भीतीने बोलत होता. पैगंबरांनी (स.) विचारलं: तू त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का? हा प्रश्न ते परत परत विचारत राहिले, इतका की उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं. हा प्रसंग उलट दिशेचा आहे, कबुली खोटी मानण्याचा. पण नियम दोन्हीकडे एकच लागतो.

दोन, धर्मचिंतक गजाली (१०५८–११११). ते लोकांचे थर पाडतात. ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावही पोचलं नाही ते. ज्यांच्यापर्यंत पोचलं पण विपर्यास होऊन, लहानपणापासून खोटंनाटं ऐकून. हेही पहिल्यांसारखेच, दोघेही माफीला पात्र. आणि ज्यांच्यासमोर सगळं नीट आलं तरी तोंड फिरवलं ते. दोष फक्त या तिसऱ्यांचा. तेव्हा 'खरंच पटलं नाही' याला जागा आहे.

नास्तिक क्रमांक ७

जागा आहे, पण तिसऱ्या थरात आहे की नाही हे अजून सांगितलं नाहीत. सगळं नीट समोर आलं, मन लावून ऐकलं, आणि तरी पटलं नाही. असा माणूस कुठे बसतो?

शब्दवेल्हाळ

त्याचं उत्तर अलिफ शोधतील, तोवर थोडं अवांतर.

'कुफ्र'चा मूळ अर्थ झाकणं. इतका मूळ, की कुरआनातच एका ठिकाणी (५७:२०) 'कुफ्फार' हा शब्द शेतकऱ्यांसाठी आलाय असं बहुतेक जण लावतात. बी मातीत झाकतो तो काफिर! रात्रही काफिर, कारण ती झाकते. आता झाकायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. ज्याच्याकडे बी नाही तो काय पेरणार. क्र. ७, तुमच्या माणसाला हा शब्द निदान मूळ अर्थाने लागू होत नाही, एवढं मी म्हणेन. पुढे धर्मशास्त्रात शब्दाचं काय झालं ती वेगळी गोष्ट.

मुफस्सिर बगवींनी कुफ्रचे चार प्रकार दिलेत: ओळखच नसणं, ओळख असून तोंडाने नाकारणं (हेच जुहूद), ओळख आणि कबुली दोन्ही असून न स्वीकारणं, आणि तोंडाने स्वीकारून मनाने नाकारणं. मराठीत या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो आणि तोही शिवीसारखा.

आणखी एक गंमत. 'हक्क' हा अरबीत सत्यही आणि अधिकारही. मराठीत आपण अधिकार घेतला आणि सत्य तिकडेच सोडून आलो. अलिफ, तुमचं ते उसन्या पैशांचं उदाहरण दोन्ही अर्थांनी चालतं.

निवांत

वाचून झालं. माझा प्रश्न बाळबोध वाटेल. सूरह बकराच्या सुरुवातीला येतं की अल्लाहने त्यांच्या हृदयांवर मोहोर लावली (२:७). मोहोर त्यानेच लावली तर माणसाचा दोष कसा?

अलिफ

बाळबोध अजिबात नाही ताई, यावर मुअ्तजिली आणि अशअरी हे धर्मशास्त्राचे दोन पंथ शतकानुशतके भांडले. मला समाधान देणारी आयत ८३:१४ आहे. तिथे शब्द 'रान', म्हणजे गंज: ते जे कमावत होते त्याचाच गंज त्यांच्या हृदयांवर चढला. ४:१५५ मध्येही मोहोर 'त्यांच्या नाकारण्यामुळे' आहे. आधी नकार, मग मोहोर. खडू सरांनी पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही तसाच फळा पुसला असता, तर दहाव्या वर्षी त्यांना दुसरी ओळ दिसलीच नसती.

आता मला मूळ जे सांगायचं होतं त्याकडे येतो, कारण ते पहिल्या लेखात राहूनच गेलं.

ही आयत एकटी वाचायची नाही. त्याच सूरहमध्ये, पानभर अंतरावर, सबाच्या राणीची गोष्ट आहे (२७:२२ पासून). तफसीरांत (भाष्यांत) तिला बिल्कीस म्हणतात, कुरआनात नाव नाही. हुदहुद पक्षी खबर आणतो की तिथे एक राणी आहे, मोठं सिंहासन आहे, आणि लोक सूर्याला सजदा करतात. हजरत सुलेमान पत्र धाडतात. पत्राचा मजकूर जेमतेम दोन ओळींचा, अल्लाहच्या नावाने सुरुवात आणि मग पहिलीच गोष्ट: "अल्ला तअ्लू अलय्य", माझ्यासमोर उंच होऊ नका (२७:३१). धातू कुठला? उलुव्वचाच. फिरऔन ज्यात अडकला नेमकी तीच गाठ पत्राच्या पहिल्या वाक्यात.

राणी दरबाऱ्यांना विचारते. ते म्हणतात, आम्ही ताकदवान आहोत, हुकूम तुमचा. ती म्हणते, राजे एखाद्या नगरात शिरले की तिचा बिघाड करतात, 'अफ्सदूहा' (२७:३४). आमची आयत संपते 'मुफ्सिदीन'वर. पुन्हा तोच धातू. ज्या रोगाने फिरऔन गेला तो तिला आधीच ओळखता येतोय, आणि ती स्वतः सिंहासनावर बसलेली असताना!

मग ती येते. तिला तिचंच सिंहासन रूप बदलून दाखवतात, हे तुझंच का? ती 'हो' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही. "जणू तेच" (२७:४२). मला हे उत्तर फार आवडतं. जेवढं दिसतं तेवढंच बोलणारं.

शेवटी महालात पाऊल टाकताना तिला समोर खोल पाणी दिसतं, ती वस्त्र उचलते, पोटऱ्या उघड्या पडतात. सुलेमान म्हणतात, हा काचेने गुळगुळीत केलेला महाल आहे. आणि ती म्हणते, "रब्बि, इन्नी जलम्तु नफ्सी", मी स्वतःवर जुल्म केला (२७:४४). पाहा, जुल्मही आला. फिरऔनच्या आयतीतले तिन्ही शब्द तिच्या गोष्टीत आहेत. फक्त तिसरा तिने स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल उच्चारलाय.

पारायणी

अहो थांबा थांबा. काचेची जमीन, पाणी समजून वस्त्र उचलणं... ही तर मयसभा!

सभापर्वात दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो आणि कपडे वर घेतो. अगदी हेच. पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून पडतो. फरक बघा. तो तिथून सूड घेऊन परततो, ती ईमान घेऊन.

आणि दुर्योधनाच्या तोंडी घातला जाणारा तो श्लोक: "जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः". धर्म मला कळतो पण तिकडे पाऊल पडत नाही. तुमचं 'वस्तैकनत्हा' हेच ना?

शब्दवेल्हाळ

पारायणी, मस्तच. मात्र श्लोकाचा दुर्योधन 'कळतं पण वळत नाही' गटातला, तो कबुली देतोय. सभापर्वातला दुर्योधन फिरऔनच्या जवळचा.

पारायणी

मान्य. आणखी एक फरक आता लक्षात आला. मयसभेत लोक हसले. भीम हसला, बाकीचे हसले. (द्रौपदीचं ते 'आंधळ्याचा मुलगा'वालं वाक्य चिकित्सित आवृत्तीत नाही, पण हशा आहे.) सुलेमानाच्या महालात कुणी हसल्याचं येतं का?

अलिफ

आयतीत नाही. सुलेमानांच्या तोंडी तिथे एकच वाक्य, ही काच आहे. तुम्ही विचारेपर्यंत या अंगाने पाहिलंच नव्हतं.

खडू-डस्टर

माझ्या वर्गात हसले होते.

हे कारण म्हणून सांगत नाही. ते पोरगं हसलं नव्हतं, आणि मी बोललो त्याला.

शब्दवेल्हाळ

अलिफ, एक विचारू? धाग्याच्या सुरुवातीला तुम्ही लिहिलंय, "एकाही मुफस्सिराला शंका नाही". सूरह इस्रा, १७:१०२ चं काय? तिथे मूसा फिरऔनला म्हणतात, "लकद अलिम्त", तुला चांगलं ठाऊक आहे की या निशाण्या आकाशांच्या आणि पृथ्वीच्या रबनेच उतरवल्यात. पण कुरआन-पठणाच्या सात प्रमाण वाचकांपैकी कूफा शहरातले किसाई (मृत्यू ८०५) तिथे वाचतात "लकद अलिम्तु": *मला* ठाऊक आहे. एका स्वराचा फरक. आणि हे वाचन हजरत अलींच्या नावे सांगितलं जातं, कारणासकट: त्या अल्लाहच्या शत्रूला ठाऊक नव्हतं, मूसांना होतं. म्हणजे फिरऔनला कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न किमान तेवढा जुना आहे.

नास्तिक क्रमांक ७

म्हणजे माझी हरकत अलींनीही घेतली होती? खुर्ची ओढून बसतो आता.

अलिफ

हो. आणि कुरआनाचे सुरुवातीचे जाणकार इब्न अब्बास यांना ते कळलं तेव्हा त्यांनी उत्तर म्हणून नेमकी आपली चौदावी आयत पुढे केली. कुर्तुबींच्या तफसीरमध्ये ही नोंद आहे. बहुसंख्यांनी 'अलिम्त'च वाचलं, पण किसाईंचं वाचनही मुतवातिर, प्रमाण. नमाजात म्हटलं तर चालतं.

शब्दवेल्हाळ, तुम्ही पुढचा प्रश्न सभ्यपणे टाळलात, म्हणून मीच सांगतो. मला हे माहीत होतं. धागा लिहायच्या आदल्या रात्री वाचलं होतं, पान उघडंच होतं. पण ते घातलं असतं तर माझा 'यकीन होतं'वाला परिच्छेद लंगडा पडला असता. म्हणून "एकाही मुफस्सिराला शंका नाही" असं ठोकून दिलं. लिहिताना बोट अडखळलं होतं, तेही आठवतंय. क्र. ७ यांनी हरकत घेतली तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांच्या बाजूने इतका मोठा साक्षीदार होता आणि मी गजालींकडून निसटलो.

आणि क्र. ७, तुमच्या त्या माणसाबद्दल, ज्याने मन लावून ऐकलं आणि तरी पटलं नाही: शोधत शोधत माणूस मध्येच मेला, तर त्यालाही गजाली दयेत धरतात. शोध पूर्ण होऊन उत्तर 'नाही' आलं तर काय, यावर मला नीट उत्तर देता येत नाही. काल देता येतंय असं दाखवत होतो.

नास्तिक क्रमांक ७

हे चालेल मला. बाकी पुढच्या वेळी.

निवांत

अलिफ, मग पहिला लेख बदलणार का? नव्याने येणारे तेच वाक्य वाचतील.

अलिफ

आत्ताच केलं. वाक्य उडवलं नाही, त्यावर रेघ मारली आहे, आणि शेजारी किसाईंचं वाचन लिहिलंय.

खडू-डस्टर

पाहिलं. रेघेखालचं वाचता येतंय.